विशाखापट्टणम आणि अरकू: समुद्र आणि घाट एकाच सहलीत बसवताना

विशाखापट्टणमला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी विमानाचं किंवा रेल्वेचं तिकीट काढतात, मग समुद्रासमोरचं हॉटेल शोधतात आणि पूर्व घाटातल्या अरकू खोऱ्याचं 'तिथे गेल्यावर बघू' म्हणून सोडून देतात. बिनसतं ते इथेच. शहरातले किनारे, संग्रहालयं, देवळं यांना आगाऊ काही करावं लागत नाही. पण अरकूवरून छत्तीसगडातल्या किरंदुलला जाणाऱ्या, घाट चढणाऱ्या किरंदुल पॅसेंजरच्या काचेच्या डब्यात, म्हणजे व्हिस्टाडोममध्ये, जेमतेम चाळीस-चव्वेचाळीस जागा असतात आणि हंगामात त्या आरक्षण खुलं झाल्यावर भराभर संपतात. म्हणून आखणीची सुरुवात अरकूच्या गाडीपासून करायची. बाकीचे दिवस तिच्या पुढे-मागे बसवता येतात.

तारीख आणि वार

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता खुलं होतं. विमानाने जाणार असाल तर अरकूचं तिकीट हातात आल्यावरच विमानाचं काढा. रेल्वेने जाणाऱ्यांना मात्र जायचं तिकीट एक-दोन दिवस आधी काढून ठेवावं लागतं, कारण ते आधी खुलं होतं. अशा वेळी शहरातल्या दिवसांचं काही पक्कं करू नका. अरकूची जागा ठरल्या दिवशी मिळाली नाही, तर ती एक दिवस पुढे सरकवायला वाव हवा.

वार ठरवताना दोन गोष्टी पाहायच्या. कुरसुरा पाणबुडी संग्रहालय सोमवारी बंद असतं. आणि नोव्हेंबर ते जानेवारीत शनिवार-रविवारी अख्खं विशाखापट्टणम अरकूला लोटतं; घाटात गाड्यांच्या रांगा लागतात, बोरा गुहांच्या तिकिटाच्या खिडकीपाशीच तास जातो. सगळ्यांत सोयीचं गणित असं: रविवारी घरून निघून सोमवारी पोचायचं, मंगळवार-बुधवार अरकू, गुरुवार-शुक्रवार शहर, शनिवारी परत.

महिन्यांचं म्हणाल तर डिसेंबर आणि जानेवारी. शहरात रात्री १८-२० अंश असतं, अरकूत पारा दहाच्याही खाली उतरतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत गेलात तर अरकूच्या खोऱ्यात कारळ्याची शेतं फुललेली असतात. आपल्याकडे ज्याची चटणी करतात तोच हा कारळा. इथे तो एकरच्या एकर पेरतात आणि सगळं खोरं पिवळंधमक होतं. फोटोसाठी शेतात उतरायचं तर आधी शेतकऱ्याला विचारा. तो थोडे पैसे मागतो ते रास्तच आहे, लोकांच्या पायाखाली त्याचं पीक तुडवलं जात असतं.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची सुरुवात जपून. बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळं याच दिवसांत येतात. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद थेट विशाखापट्टणमवर धडकलं आणि विमानतळासकट सगळं शहर ठप्प झालं होतं. या काळात जायचंच असेल तर रद्द करता येणारी हॉटेलं घ्या आणि निघण्याआधी चार दिवस हवामान खात्याची पत्रकं रोज वाचा. जुलै ते सप्टेंबर घाट हिरवागार असतो, धबधबे भरून वाहतात, पण ढगांत दऱ्या दिसत नाहीत आणि रुळांवर दरड आली की गाडी रद्द होते किंवा अर्ध्या वाटेवर थांबते. एप्रिल-मे शहरात नकोच. तापमानाचा आकडा विदर्भासमोर साधा वाटेल, पण घाम वाळतच नाही.

पोचायचं कसं

मुंबईहून दोन सरळ गाड्या आहेत: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून कोणार्क एक्सप्रेस आणि लोकमान्य टिळक टर्मिनसवरून विशाखापट्टणम एक्सप्रेस. दोन्ही पुणे-सोलापूरमार्गे जातात आणि एक दिवस उलटून वर चार-पाच तास घेतात. नागपूरकरांना दोन वेगळ्या वाटा आहेत. आंध्र प्रदेश एक्सप्रेस बल्लारशा, वरंगळ, विजयवाडा करत किनाऱ्याने येते. समता एक्सप्रेस गोंदिया, रायपूरवरून ओडिशातल्या डोंगरांतून उतरते, पण रोज नसते.

तिकिटावर स्टेशनचं नाव नीट वाचा. विशाखापट्टणम स्टेशनात आलेल्या गाडीला पुढे जाण्यासाठी इंजिन दुसऱ्या टोकाला लावावं लागतं. त्यात जाणारा वेळ वाचवण्यासाठी काही लांब पल्ल्याच्या गाड्या शहरात न येता बाहेरच्या दुव्वाडावरून निघून जातात. दुव्वाडा स्टेशन शहराच्या मध्यापासून बरंच लांब आहे. रात्री उशिरा तिथे उतरावं लागलं तर रिक्षा मिळवणं आणि भाडं ठरवणं दोन्ही जड जातं.

विमानाने येणाऱ्यांसाठी: जुनं विमानतळ नौदलाच्या तळावर आहे, तिथे धावपट्टीचे फोटो काढायचे नाहीत. नवं विमानतळ भोगापुरमला, शहरापासून साधारण ४५ किलोमीटरवर उभारलेलं आहे. तेव्हा तिकीट काढताना कोणतं विमानतळ लिहिलंय ते बघूनच पहिल्या संध्याकाळचा बेत करा.

घड्याळ चाळीस मिनिटं पुढे आहे असं समजा

महाराष्ट्रातून येणाऱ्यांचा बेत सगळ्यांत जास्त फसतो तो यामुळे. विशाखापट्टणम मुंबईच्या पूर्वेला दहा रेखांशांहून जास्त आहे. घड्याळ तेच, पण सूर्य सुमारे ४० मिनिटं आधी उगवतो आणि आधीच मावळतो. डिसेंबरात साडेपाचच्या आत सूर्यास्त होतो. सहाला अरकूत मिट्ट काळोख. 'पाच वाजता निघू, सूर्यास्त बघू' हा मुंबई-पुण्याचा हिशेब इथे चालत नाही. शिवाय किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणजे समुद्रात सूर्य उगवताना दिसतो, मावळताना नाही. समुद्रावर पहाटे जायचं, डोंगरातून दुपारीच उतरायला लागायचं. दिवसाची हीच चौकट धरा.

पहिली रात्र: स्टेशनजवळ

अरकूची गाडी सकाळी पावणेसातच्या सुमारास सुटते. समुद्रासमोरच्या हॉटेलातून लेकरं आणि सामान घेऊन त्या वेळेला निघणं जमतं, पण धावपळ होते. पहिल्या रात्री द्वारकानगर भागात उतरा. रेल्वे स्टेशन आणि एसटीचं द्वारका बसस्थानक, ज्याला सगळे आरटीसी कॉम्प्लेक्स म्हणतात, दोन्ही जवळ आहेत. अरकूहून परतल्यावर मग किनाऱ्यावरचं हॉटेल घ्या.

मोठ्या बॅगा वर नेऊ नका. एका रात्रीपुरती पाठीवरची बॅग पुरते. बाकीचं हॉटेलात ठेवून घेतात का ते आरक्षण करतानाच विचारा, नाहीतर स्टेशनवरच्या क्लोक रूममध्ये ठेवा. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, आणि तिकीट व ओळखपत्र दाखवावं लागतं.

वर जाताना रेल्वे

किरंदुलला दोन गाड्या जातात. आपल्याला हवी ती सकाळची पॅसेंजर. दुसरी रात्रीची एक्सप्रेस आहे. ती अख्खा घाट अंधारात चढते, तेव्हा तिचं तिकीट चुकून काढू नका. आरक्षणाच्या यादीत दोन्ही खाली-वर दिसतात म्हणून सुटण्याची वेळ बघा.

हा मार्ग १९६०च्या दशकात छत्तीसगडातल्या बैलाडिलाच्या खाणींचं लोहखनिज बंदरात आणण्यासाठी बांधला. आजही मालगाड्यांचीच वर्दळ जास्त, आणि त्यांना वाट देण्यासाठी पॅसेंजर मध्येच उभी राहते. वेळापत्रकात चार तास असले तरी अरकूला बारापर्यंत पोचू असं धरून चाला आणि तिथलं दुपारचं काही पक्कं ठरवू नका.

पहिला दीड-एक तास सपाटीवरून जातो. शृंगवरपुकोटा, म्हणजे फलकावरचं एस. कोटा, गेलं की चढ सुरू. शिवलिंगपुरम, त्याडा, चिमिडिपल्ली, बोरा गुहालु ही स्टेशनं एकामागून एक येतात आणि बोगदे सुरू होतात. समुद्राकाठून निघालेली गाडी शिमिलिगुडाला ९९६ मीटरवर पोचते, तिथून थोडी उतरून अरकूच्या खोऱ्यात शिरते. नाश्ता आणि पाणी शहरातूनच घ्या. एस. कोट्याच्या आत खाऊन घेतलं म्हणजे घाटात हात मोकळे राहतात.

व्हिस्टाडोममधल्या खुर्च्या फिरवता येतात, म्हणून कोणत्या बाजूची जागा मिळाली याची चिंता नको. पण काच बंद असते आणि ऊन असेल तर फोटोत तिचं प्रतिबिंब येतं. फोटोंसाठीच जाणाऱ्यांना साध्या डब्याची उघडी खिडकी जास्त बरी. तो डबा भरलेला असतो, तेव्हा वेळेच्या अर्धा तास आधी फलाटावर हजर राहा.

बरेच जण बोरा गुहालुला उतरून गुहा बघतात आणि तिथून जीपने अरकूला जातात. एका दिवसात सगळं उरकायचं असेल तर दुसरा इलाज नाही. पण आमचा सल्ला आहे की तसं करू नका. त्या गाडीचे सगळे प्रवासी एकदमच गुहेत शिरतात आणि बोरा ते शिमिलिगुडा हा चढ हातचा जातो. गुहा दुसऱ्या दिवशी उतरताना, रस्त्याने करा.

अरकूतली दुपार आणि रात्र

अरकू सुमारे ९०० मीटरवर आहे. गाव छोटं आहे, स्टेशनबाहेर रिक्षा मिळतात. पहिल्या दुपारी आदिवासी संग्रहालय आणि पद्मापुरम बाग एवढंच ठेवा. वेळ उरला तर चापराईच्या खडकांवरून वाहणारं पाणी. चापराई साधारण १५ किलोमीटरवर आहे आणि खडक शेवाळलेले असतात. पाणी घोट्याएवढं दिसतं म्हणून लोक सपाता घालून उतरतात आणि घसरून डोकं आपटतात. बसूनच सरका, मुलांना हाताला धरा.

संध्याकाळी बोंगु चिकन. मसाला लावलेलं चिकन पानांत गुंडाळून बांबूच्या कांड्यात भरतात आणि निखाऱ्यावर भाजतात. तेल नाही, बांबूतलं पाणीच ते शिजवतं. कांडं हिरवं, ताजं हवं आणि ते तुमच्यासमोर भरलेलं हवं. आधीच भाजून ठेवलेली कांडी पुन्हा गरम करून दिली तर मांस चामट लागतं. अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून सांगून ठेवा आणि मग फेरी मारून या.

रोख रक्कम शहरातूनच आणा. रेंज खोऱ्यात येते-जाते, त्यामुळे फोनवरून पैसे अडकतात. तिकिटं आणि नकाशा आधीच फोनवर उतरवून ठेवा. स्वेटर, कानटोपी आणि मोजे लागतातच; स्वस्त हॉटेलांत पांघरूण एकच मिळतं.

उतरताना रस्ता

गाडीवाल्याशी बोलताना चार गोष्टी आधी ठरवा: थांबे कोणते, बोराला किती वेळ, पार्किंग कोणाकडे, आणि विशाखापट्टणमहून रिकामी गाडी वर बोलावत असाल तर जाता-येताचं भाडं धरलंय का. बहुधा धरलेलंच असतं. दोघंच असाल तर आरटीसीची बस पुष्कळ स्वस्त पडते, पण मधले थांबे मिळत नाहीत. अंतर सुमारे ११५ किलोमीटर. न थांबता तीन-साडेतीन तास. वळणांवर ज्यांना मळमळतं त्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी. उलटी व्हायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो.

सकाळी आठला निघा. पहिला थांबा सुंकरमेट्टाचा कॉफीचा मळा. सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफी आणि त्याच झाडांवर चढवलेले मिरीचे वेल, अशी ही शेती आदिवासी कुटुंबं करतात. अरकूच्या अरेबिका कॉफीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. विकत घेताना पाकिटावर चिकोरीचं प्रमाण वाचा. रस्त्याकडेच्या बऱ्याच पुड्यांत चिकोरी असते. निव्वळ कॉफी हवी तर भाजलेल्या अख्ख्या बिया घ्या, त्यात मिसळ करता येत नाही. त्यानंतर गालीकोंडाला दहा मिनिटं उतरा, दरी बघा. अनंतगिरीच्या परिसरात बोराकडे जाणारा फाटा लागतो.

बोरा गुहा सकाळी दहाला उघडतात. अकराच्या आत पोचलात तर बरं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिकीट बंद ठेवतात, आणि संध्याकाळी पाचनंतर आत सोडत नाहीत. गुहेचं तोंड प्रचंड आहे आणि पायऱ्या आत उतरत जातात. म्हणजे थकल्यावर चढ असतो, हे ज्येष्ठांना आधी सांगा. पहिलं मोठं दालन त्यांना सहज बघता येतं. शिवलिंगासारख्या सुळक्यापर्यंतचा जिना अरुंद आणि ओला आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत: छतातून पाणी ठिबकतं, वर वटवाघळांची विष्ठा, आणि दोन्ही मिळून फरशी तेलकट होते. रंगीत दिवे लावलेले आहेत, तरी वीज गेली तर म्हणून टॉर्च खिशात असू द्या.

त्या टॉर्चचा दुसराही उपयोग आहे. रंगीत दिव्यांच्या कक्षेबाहेर छतावरच्या एखाद्या सुळक्याच्या टोकावर पांढरा उजेड धरा. टोकाला लोंबणारा पाण्याचा थेंब दिसेल. चुनखडक विरघळवून आलेलं हे पाणी. थेंब पडण्याआधी त्यातल्या चुन्याचा अगदी पातळ थर टोकाला राहतो, उरलेला खाली पडतो आणि तिथून दुसरा सुळका वर वाढतो. याच कारणासाठी हात लावायचा नाही. हाताचं तेल लागलं की तिथे पाणी नीट चिकटत नाही आणि वाढ खुंटते.

तास-दीड तासात बाहेर या, तिथेच जेवा आणि दोनच्या आत उतरायला लागा. कटिकी धबधब्याला वेगळी जीप करावी लागते आणि दोन तास तरी जातात. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तरच तेवढा वेळ द्या. लंबसिंगीचं धुकं याच फेरीत कोंबू नका. ती चिंतपल्लीच्या बाजूला आहे, तिला वेगळी रात्र लागते.

शहरातले दोन दिवस

गुरुवारी भल्या सकाळी सिंहाचलम. वराह-नरसिंहाची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असते. मूळ रूपाचं दर्शन फक्त अक्षय्य तृतीयेला. त्या दिवशी आणि आषाढी पौर्णिमेच्या सुमारास, ३२ किलोमीटरच्या गिरिप्रदक्षिणेच्या वेळी, श्रद्धेने जाणार नसाल तर या डोंगराकडे फिरकू नका. रस्ते बंद असतात.

तिथून भीमिलीचा किनारी रस्ता. ऋषिकोंडा, मग तोट्लकोंडाचे बौद्ध अवशेष, शेवटी भीमुनिपट्टणम. तोट्लकोंडाच्या टेकडीवर सावली औषधालाही नाही. टोपी आणि माणशी एक लिटर पाणी न्या, अकराच्या आत उरका. भीमिलीत डचांची जुनी दफनभूमी आहे आणि गोस्थनी नदी समुद्राला मिळते. बोरा गुहांच्या डोंगरातून निघते ती हीच नदी.

समुद्रात उतरण्याबद्दल ठामपणे सांगायला हवं. कोकणात भरती-ओहोटीत पाणी बरंच वर-खाली होतं, किनारा लांबवर उथळ असतो आणि आपल्याला त्याचीच सवय असते. इथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम दीड मीटर. वाळू एकदम खोल उतरते, लाट पायाशीच फुटते आणि परतणारं पाणी माणसाला ओढून नेतं. रामकृष्ण बीचवर कमरेएवढ्या पाण्यात उभे असलेले लोक असेच वाहून जातात. तिथे पाय भिजवण्यापलीकडे जाऊ नका. पोहायचंच तर ऋषिकोंड्याला, जीवरक्षक हजर असताना, त्यांनी आखलेल्या पट्ट्यातच. ओढ लागली तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ संपली की मग किनाऱ्याकडे वळा.

शुक्रवारी पहाटे रामकृष्ण बीचवर सूर्योदय, उन्हं तापायच्या आत डॉल्फिन्स नोज या टेकडीमागचा यारडा किनारा. वाटेत नौदलाची हद्द लागते. बंदर आणि जहाजांकडे कॅमेरा वळवू नका. दुपारनंतर कुरसुरा पाणबुडी. १९६९ साली नौदलात आलेली, २००१ साली निवृत्त झालेली ही खरीखुरी पाणबुडी वाळूवर ओढून ठेवली आहे. आत एका कक्षातून दुसऱ्यात जायला गोल झरोक्यातून वाकून, पाय उचलून जावं लागतं. साडी, मोठी बॅग, कडेवरचं मूल यांनी अडचण होते. समोरच टीयू-१४२ विमानाचं संग्रहालय आहे. दोन्ही मिळून दोन तास धरा.

जेवणात तिखट हा खरा प्रश्न. 'कारम तक्कुवा' एवढं म्हटलं की तिखट कमी करतात, पण आधीच तयार असलेल्या भाज्यांत ते कमी होत नाही. लहान मुलांसाठी पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा, आणि दहीभात मागवा. माशांच्या यादीत वंजरम म्हणजे सुरमई, चंदुवा म्हणजे पापलेट, रोय्यलु म्हणजे कोळंबी. थाळीतली गोंगुरा चटणी अंबाडीची असते. पहिल्या घासाला बोटाच्या टोकाएवढीच घ्या, कारण आंबटामागून तिखट येतं. शहरात हिंदी बऱ्यापैकी चालतं, घाटातल्या गावांत कमी.

परतीची गाडी दुव्वाड्याहून असेल तर गाडी सुटण्याच्या दीड तास आधी शहरातून निघा. औद्योगिक भागातून जाणाऱ्या त्या रस्त्यावर संध्याकाळी मालट्रकांची गर्दी असते. विमानाने जाणाऱ्यांनी कॉफीच्या बिया आणि माडुगुलचा हलवा चेक-इनच्या बॅगेत टाकावा; तुपाने निथळणाऱ्या डब्याला आधी एक प्लॅस्टिकची पिशवी घाला.